सरासरी नेमकी कुणाची? अमेरिकेचा ‘टेन प्लस टू’ नियम आणि छोटा आयातदार



मागच्या वेळी आपण लिटरेचर रिव्ह्यू कसा लिहायचा ते पाहिलं. त्यानंतर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: “गाइड म्हणतात क्रिटिकली वाच. म्हणजे नेमकं काय करायचं? चुका शोधायच्या का?”

चुका शोधणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम म्हणजे समोरच्या आकड्याला विचारणं, की बाबा रे, तू कुणाबद्दल बोलतोयस? आज हे एका उदाहरणावर करून बघू. उदाहरण मुद्दाम आपल्या प्रयोगशाळेच्या बाहेरचं घेतलंय: अमेरिकेचा एक कस्टम्स नियम आणि त्याच्यासोबत सरकारनं छापलेला खर्च-फायद्याचा हिशोब. मी संख्याशास्त्रात पीएच.डी. करतेय, कस्टम्स हा माझा विषय नाही. पण तिथे वापरलेली हत्यारं आपलीच आहेत: सरासरी, संभाव्यता, तुलना.

या विषयाकडे मी वळले कशी

माझा मावसभाऊ न्यू जर्सीत असतो. नोकरी सांभाळून तो कोल्हापुरी चपला आणि चामड्याच्या पिशव्या मागवून विकतो. वर्षाला पाच-सहा कन्साइनमेंट. अख्खा कंटेनर भरेल एवढा माल नसतो, त्यामुळे त्याची खोकी इतरांच्या मालाबरोबर एकाच कंटेनरमध्ये जातात. याला धंद्यात एलसीएल म्हणतात. एकदा इकडच्या फॉरवर्डरकडून हाउस बिल नंबर उशिरा मिळाला आणि तिकडे भरायचं एक फायलिंग उशिरा गेलं. ब्रोकरनं सांगितलं, ५,००० डॉलरची नोटीस येऊ शकते. माल होता ९,००० डॉलरचा. नोटीस शेवटी आली नाही, पण तीन आठवडे दादाची झोप उडाली होती.

एका मावसभावावरून निष्कर्ष काढायचा नसतो, हे तुम्हाला सांगायला नको. एन बरोबर एक. पण एका माणसाच्या गोष्टीतून प्रश्न नक्की काढता येतो. माझा प्रश्न होता: हा नियम करताना दादासारख्याचा खर्च कुणी मोजला होता का?

नियम काय आहे

नाव: इम्पोर्टर सिक्युरिटी फायलिंग. बोलताना ‘टेन प्लस टू’. अमेरिकेच्या कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शन या खात्यानं तो २५ नोव्हेंबर २००८ ला प्रसिद्ध केला. अंमल २६ जानेवारी २००९ पासून, म्हणजे तारीख लक्षात ठेवायला आपल्याला सोपी. पहिलं वर्ष सवलतीचं होतं, २६ जानेवारी २०१० पासून पालन सक्तीचं झालं. त्याच्या मागे २००६ चा सेफ पोर्ट ॲक्ट आहे.

समुद्रमार्गे येणाऱ्या मालासाठी आयातदारानं दहा गोष्टी आधी कळवायच्या: विकणारा, विकत घेणारा, आयातदाराचा नोंदणी क्रमांक, कन्साइनीचा क्रमांक, माल बनवणारा, माल शेवटी जाणार ते ठिकाण, मूळ देश, मालाचा सहा अंकी शुल्क-कोड, कंटेनर कुठे भरला ती जागा आणि कंटेनर कुणी भरला ते नाव. पहिल्या आठ गोष्टी, माल अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर चढायच्या २४ तास आधी. शेवटच्या दोन, जहाज अमेरिकेच्या बंदराला लागायच्या २४ तास आधीपर्यंत. उरलेल्या ‘टू’ जहाज कंपनीच्या: कोणता कंटेनर जहाजावर कुठे ठेवलाय त्याचा आराखडा आणि कंटेनरच्या हालचालींचे संदेश.

उशीर झाला, चुकीचं भरलं किंवा भरलंच नाही, तर प्रत्येक चुकीमागे ५,००० डॉलर. कायद्याच्या भाषेत हा दंड नाही, आयातदाराच्या बाँडवरची आधीच ठरवलेली नुकसानभरपाई आहे. खिशाला फरक पडत नाही.

आधी नियमाची बाजू

क्रिटिकल वाचनाचा पहिला नियम: समोरच्याची सगळ्यात भक्कम बाजू आधी मांडा. ती मांडता येत नसेल तर तुम्ही अजून वाचलेलं नाही.

११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकेत प्रश्न उभा राहिला, की दरवर्षी येणाऱ्या लाखो कंटेनरांपैकी उघडून पाहायचे कोणते? सगळे उघडणं शक्य नाही. २००७ च्या एका कायद्यानं परदेशी बंदरातच शंभर टक्के स्कॅनिंग करायचं ठरवलं, मुदत १ जुलै २०१२ दिली, आणि ती मुदत तेव्हापासून पुढेच ढकलली जातेय. म्हणजे निवड करावीच लागते, आणि निवडीला माहिती लागते. २००२ च्या शेवटी आलेल्या २४ तासांच्या नियमामुळे जहाजाचा मॅनिफेस्ट आधी मिळू लागला होता. पण मॅनिफेस्टवर बऱ्याचदा खऱ्या व्यापाऱ्याऐवजी फॉरवर्डरचं नाव असतं. माल कुणी बनवला, कंटेनर कुठे भरला, हे त्यात नसतं. ती पोकळी भरायला हा नियम आला. हेतू रास्त आहे.

शिवाय नियमात सूटही आहे. माल बनवणारा, शेवटचं ठिकाण, मूळ देश आणि शुल्क-कोड या चार गोष्टी हाताशी असलेल्या माहितीवरून भरून नंतर दुरुस्त करता येतात. दुसऱ्याकडून आलेली माहिती पडताळणं शक्य नसेल, तर जे वाजवीपणे खरं वाटतं ते भरायची मुभा आहे. नियमभंगाचे दावे जोरात लावायला ९ जुलै २०१३ उजाडलं. तेव्हा ‘सरकारला छोट्यांची पर्वाच नव्हती’ असं एका ओळीत लिहून मोकळं होऊ नका. व्हायव्हामध्ये पहिल्याच मिनिटाला अडकाल.

पहिला प्रश्न: सरासरी कुणाची?

आता हिशोबाकडे येऊ. नियमासोबतच्या मूल्यमापनात म्हटलंय, की साधारण १ कोटी १० लाख शिपमेंटना हा नियम लागू होईल आणि वर्षाचा खर्च, दहा वर्षांवर सात टक्के दरानं पसरवून, ८९ कोटी ते ७०० कोटी डॉलरच्या दरम्यान येईल.

इथे थांबा. खालचं टोक आणि वरचं टोक यांत जवळजवळ आठ पटींचा फरक आहे. तुमच्या प्रयोगात एवढा फरक आला तर गाइड विचारतील, मोजलंस की अंदाज बांधलास? तर हा अंदाजच आहे, आणि अहवाल ते लपवत नाही. फायलिंग करून देणारे किती फी घेतील, मालाला किती उशीर होईल, जहाज कंपन्यांना किती खर्च येईल, यांबद्दलची गृहीतकं बदलली की उत्तर बदलतं.

आता ढोबळ भागाकार करू. तो माझा आहे, अहवालाचा नाही, आणि शिपमेंटची संख्या वर्षागणिक बदलते हेही त्यात धरलेलं नाही. शिपमेंटमागे साधारण ८१ ते ६३६ डॉलर. हजारो डॉलरच्या मालावर हे फार वाटत नाही. पण भागाकार करताना छेदात काय घेतलं? शिपमेंट. आयातदार नाही.

एक खेळण्यातलं उदाहरण घेऊ, यातले आकडे पूर्ण कल्पित आहेत. कंपनी ‘अ’ वर्षाला २,००० शिपमेंट आणते, कंपनी ‘ब’ फक्त ६. दोघींना नियम शिकणं, बाँडची सोय, ब्रोकरशी करार, पुरवठादाराला फॉर्म समजावणं यासाठी वर्षाला ३,००० डॉलर लागतात. वर प्रत्येक फायलिंगला ४० डॉलर. ‘अ’चा शिपमेंटमागे खर्च ४१.५० डॉलर. ‘ब’चा ५४० डॉलर. दोघींची शिपमेंटवर काढलेली सरासरी किती? ४३ डॉलर. गणित बरोबर आहे. पण ही सरासरी म्हणजे ‘अ’चंच छायाचित्र आहे, ‘ब’ त्यात दिसतच नाही. कंपनीवर सरासरी काढली तर तीच २९१ डॉलर होते.

हा काही खेळण्यातलाच मामला नाही. अमेरिकेच्या जनगणना खात्याची आकडेवारी दरवर्षी साधारण हेच दाखवते, की माल आयात करणाऱ्या कंपन्यांपैकी सुमारे ९७ टक्के छोट्या-मध्यम आहेत, म्हणजे ५०० पेक्षा कमी माणसांच्या. आयातीच्या मूल्यात मात्र त्यांचा वाटा एक तृतीयांशाच्या आसपास. शिपमेंटवर किंवा मूल्यावर सरासरी काढली की बहुसंख्य आयातदार हिशोबात अल्पसंख्य होतात.

वहीत लिहून ठेवा: सरासरी दिसली की आधी छेद बघायचा. रुग्णावर की हॉस्पिटलवर? झाडावर की शेतावर? विद्यार्थ्यावर की शाळेवर? निम्मे वाद तिथेच उघडे पडतात.

दुसरा प्रश्न: फायदा मोजला की फिरवून सांगितला?

सुरक्षेच्या नियमाचा फायदा मोजणं कठीणच. न झालेला हल्ला मोजणार कसा? अशा वेळी वापरतात ब्रेक-ईव्हन पद्धत, या नियमाच्या मूल्यमापनातही तीच आहे. विचारायचं असं: हा खर्च वसूल व्हायचा असेल तर हल्ल्याची शक्यता किती कमी व्हायला हवी?

समजा एका मोठ्या हल्ल्याचं नुकसान ५,००० कोटी डॉलर धरलं. हा आकडाही माझा, फक्त समजण्यासाठी. वर्षाचा खर्च ८९ कोटी असेल तर हल्ल्याची वार्षिक शक्यता साधारण १.८ टक्के बिंदूंनी घटायला हवी. खर्च ७०० कोटी असेल तर १४ टक्के बिंदूंनी. मुळात ती शक्यता वर्षाला १४ टक्के नसेलच, तर ती १४ नं घटणार कशी? म्हणजे वरच्या टोकाला उत्तर ‘अशक्य’ येऊ शकतं आणि खालच्या टोकाला ‘कदाचित’.

पद्धत वाईट नाही. तिचा गैरसमज वाईट. ब्रेक-ईव्हन सांगतं, *इतकं झालं तर* पैसे वसूल. *तितकं झालं का*, ते सांगत नाही. शोधनिबंधाच्या चर्चेत हा ‘तर’ गळून पडताना मी बरेचदा पाहिलाय. तो गळू देऊ नका.

तिसरा प्रश्न: चूक कुणाच्या हातात, भुर्दंड कुणाला?

दहा गोष्टींची यादी पुन्हा वाचा. त्यातल्या किती दादाला स्वतःला माहीत असतात? विकत घेणारा तो स्वतः, त्याचा क्रमांक, माल कुठे जाणार ते. बाकीची माहिती कोल्हापूरच्या कारागिराकडे, एक्स्पोर्टरकडे किंवा न्हावा शेवाच्या ज्या गोदामात दहा जणांचा माल एका कंटेनरमध्ये भरला जातो तिथे. वर हे फायलिंग बिल ऑफ लेडिंगशी जुळावं लागतं. एलसीएलमध्ये ते म्हणजे फॉरवर्डरचं हाउस बिल. तो नंबर आल्याशिवाय दादाला हलता येत नाही. माल मधल्या एखाद्या बंदरात जहाज बदलणार असेल, तर २४ तास मोजायचे ते अमेरिकेला जाणाऱ्या जहाजापासून. त्या जहाजाची वेळ त्याला कळते तीही दुसऱ्याकडूनच.

मोठी कंपनी पुरवठादाराला सांगते, माहिती वेळेत दिली नाहीस तर पुढची ऑर्डर नाही. पाच खोकी मागवणारा हे कुणाला सांगणार? ब्रोकर नेमला तरी जबाबदारी आयातदाराचीच राहते.

इथे मला नियमाची खरी खोट दिसते, आणि ती सुरक्षेच्या बाजूनंही खोटच आहे. वेळ चुकली की ती कॉम्प्युटरला लगेच दिसते. माहिती चुकीची असली तर क्वचितच दिसते. अशा वेळी घाबरलेला माणूस काय करेल? वेळेत काहीतरी भरेल. गेल्या वेळचाच पत्ता, गेल्या वेळचाच कोड. ‘वाजवीपणे खरं वाटतं’ या सुटीचा अर्थ व्यवहारात ‘अंदाजे भर’ असा होऊ शकतो. मग माहिती वेळेत मिळते, पण ज्या कंटेनरबद्दल सर्वात कमी माहिती आहे, नेमकी तिथलीच माहिती कच्ची असते. असंच होतं असं मी ठामपणे म्हणत नाही. हा माझा तर्क आहे. पण तो तपासता येण्यासारखा आहे, म्हणून कामाचा.

यात बेस रेट मिसळा. पुन्हा कल्पित आकडे: १ कोटी १० लाख शिपमेंटपैकी ११ खरोखर धोक्याच्या. चाळणी इतकी चांगली, की धोक्याच्या ९९ टक्के पकडते आणि निर्दोष मालापैकी फक्त एक टक्क्यावर चुकून बोट ठेवते. तरी निर्दोष असून अडकणारे किती? सुमारे १ लाख १० हजार. तपासणीसाठी कंटेनर हलवण्याचा, उघडण्याचा खर्च आयातदारानंच सोसायचा असतो. एलसीएलमध्ये एकाच्या खोक्यावर शंका आली की सगळ्यांचा कंटेनर थांबतो. थांबण्याची किंमत बारीक नसते: डेव्हिड हमल्स आणि जॉर्ज शाउर यांच्या २०१३ च्या अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमधल्या पेपरचा अंदाज आहे, की मालाचा वाटेतला एकेक दिवस ०.६ ते २.१ टक्के जकातीइतका जड पडतो.

मग संशोधन कसं करायचं?

टीका करून उठून जायचं नसतं. ‘मग तू काय केलं असतंस?’ याचं उत्तर तयार हवं.

प्रश्न असा ठेवू: या नियमामुळे छोट्या आयातदारांचा समुद्रमार्गे व्यापार मोठ्यांच्या तुलनेत घटला का?

सुचणारा पहिला डिझाइन: २००८ आणि २०१० ची तुलना. सुचला की लगेच खोडा. मधल्या काळात जागतिक मंदीनं सगळा व्यापारच कोसळला होता. घट नियमाची की मंदीची, वेगळी कशी काढणार? आणि मंदीतही छोटे आधी मोडतात, त्यामुळे ‘छोटे जास्त घटले’ एवढ्यानं काहीच सिद्ध होत नाही.

दुसरा डिझाइन बरा: हा नियम फक्त समुद्रमार्गाला आहे. विमानानं किंवा ट्रकनं येणारा माल त्यात नाही. मग तो तुलनेचा गट. छोटे विरुद्ध मोठे, समुद्र विरुद्ध इतर मार्ग, आधी विरुद्ध नंतर, असा तिहेरी फरक काढायचा. यातही पाचर आहे. नियमाला कंटाळून छोटा आयातदार विमानाकडे वळला तर तुलनेचा गटच बिघडला. शिवाय समुद्रानं जाणारा आणि विमानानं जाणारा माल मुळात सारखा नसतो.

तिसरा मार्ग २०१३ चा. तेव्हा नियम तोच होता, धाक वाढला. मंदी मागे पडली होती. मला विचाराल तर सगळ्यात स्वच्छ खिडकी हीच. पण घोषणा आणि प्रत्यक्ष वसुली यांत अंतर असतं, ते आधी तपासावं लागेल.

आणि डेटा? जहाजांच्या मॅनिफेस्टची माहिती अमेरिकेत बरीचशी खुली असते, कंपन्या ती विकतातही, मात्र आयातदार मागणी करून आपलं नाव झाकू शकतो. सिक्युरिटी फायलिंगची माहिती तर नियमानंच गोपनीय आहे. म्हणजे ज्या माहितीच्या दर्जाबद्दल आपण बोलतोय तीच बाहेरच्या संशोधकाला दिसत नाही. माझी सर्वात मोठी तक्रार हीच आहे. वैयक्तिक नोंदी उघड करा असं कुणी म्हणत नाही. पण आयातदाराच्या आकारानुसार किती फायलिंग उशिरा आली, किती नंतर दुरुस्त झाली, किती दावे लागले, एवढे एकत्रित आकडे नियमित छापले तर सुरक्षेला धक्का लागत नाही आणि २००८ चा अंदाज खरा ठरला की नाही ते तरी कळतं. अंदाज छापायचा आणि निकाल झाकायचा, हे विज्ञानात चालत नाही. धोरणात का चालावं?

हा प्रश्न आता एका देशापुरता उरलेला नाही. युरोपीय संघाची आयसीएस-टू ही अशीच आगाऊ माहितीची व्यवस्था ३ जून २०२४ पासून समुद्रमार्गालाही टप्प्याटप्प्यानं लागू झाली. इचलकरंजीच्या कापडवाल्याला मालाची आगाऊ माहिती आता दोन्हीकडचे ग्राहक विचारणार.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमच्या विषयातला कुठलाही एक पेपर घ्या. त्यातला सगळ्यात ठळक सरासरीचा आकडा शोधा. मग तीन ओळी लिहा: छेदात कोण आहे? कोण दिसेनासं झालंय? ते दिसायला कुठला डेटा लागेल, आणि तो मिळतो का?

या तीन ओळी जमल्या तर तुमच्या सिनॉप्सिसमधला ‘रिसर्च गॅप’ तयार आहे समजा. तो उसना आणावा लागणार नाही.

दादाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “म्हणजे पुढच्या खेपेला हाउस बिल नंबर वेळेत मिळेल का?” त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. ते फॉरवर्डरकडे आहे.